न उच्चारलेलं नाव

दिवा जरा अलीकडे घे, बाई, आणि ऐक. भरदुपार होती, भिण्यासारखं काहीच नव्हतं. मी देवापुढची फुलं बदलत होते, तेवढ्यात यांचा कामावरून फोन आला.

"घरचा संगणक सुरूच आहे. त्यात 'खुर्ची' असं टाक आणि काय दिसतं ते सांग."

फर्निचरच्या एका दुकानासाठी हे प्रोग्राम लिहीत होते. मी हात पुसून 'खुर्ची' टाकलं. पडद्यावर खुर्ची उभी राहिली, खाली अक्षरं आली: तयार आहे.

"मंत्रबिंत्र घातलाय की काय यात?"

"मंत्र कसला! प्रत्येक वस्तूचा एक साचा लिहून ठेवलाय. तू नाव टाकलंस की प्रोग्राम त्या नावाचा साचा शोधतो आणि त्यातून वस्तू घडवतो. नाव येईपर्यंत काय घडवायचंय ते त्याला ठाऊक नसतं."

"आणि भलतंच नाव टाकलं तर?"

"साचा नसेल तर 'सापडला नाही' म्हणेल. पण ठरलेलीच नावं आत घ्यायची, ते बंधन घालायचं राहिलंय अजून. तू उगाच खेळत बसू नकोस."

फोन ठेवला आणि मी खेळत बसले. माझं नाव टाकलं.

सापडला नाही.

हसू नकोस, पण लागलं मला ते. या घरात माझ्याआधी एक होती. आजारात गेली. हे तिच्याबद्दल अवाक्षर काढत नसत आणि तेच मला जास्त खुपायचं. जे माणूस कधी ओठांवर येत नाही, ते आत किती खोल असेल? तिचे पडदे मी बदलले, स्वयंपाकघरातले डबेसुद्धा माझ्या सोयीने लावले. जळफळाट काही जाईना. शेवटी नेम धरला, तिचं नाव तोंडाने घ्यायचं नाही. तो कधी मोडला नाही. टाइप करणं म्हणजे काही उच्चारणं नव्हे, अशी त्या दुपारी मी मनाची समजूत घातली.

एकेक अक्षर टाकलं. वाटलं, तिचंही सापडणार नाही, मग आम्ही दोघी सारख्याच.

तयार आहे.

चित्र मात्र नाही. पडदा कोरा. मग खोलीत ओल्या केसांचा वास आला... नुकतंच न्हाऊन कुणी पाठीमागून गेल्यासारखा. स्वयंपाकघरात डब्याचं झाकण निघाल्याचा आवाज झाला. वरच्या फळीवरचं. मी उठून आत गेले. आत कुणी नव्हतं. मिठाच्या डब्याचं झाकण तेवढं ओट्यावर उताणं पडलं होतं.

मीठ तिथे मी ठेवलेलं. तिच्या वेळी त्या जागी साखर असायची.

यांना फोन लावला. "अहो... माझं नाव टाकलं तर सापडला नाही म्हणतो. तिचा साचा कशाला लिहिलात?"

"कुणाचा?" मग यांच्या लक्षात आलं. "तिचा कशाला लिहीन मी? तुझा लिहिलाय. गंमत दाखवायची होती, म्हणून बोललो नव्हतो... सापडला नाही म्हणतो? असं कसं होईल?"

इतकी वर्षं ज्याची आस धरली ते ऐकायला मिळालं, आणि मी त्या झाकणाकडे बघत उभी.

संध्याकाळी हे आले तेव्हा मी देवापुढे बसले होते. उठवेना. आतून यांचा आवाज आला, "अगं, चहात साखरेऐवजी मीठ पडलंय."

चहा मी ठेवलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी साखर पुन्हा वरच्या फळीवर ठेवली. तिची जागा तिला दिली, आता माझी मला मिळू दे, असं देवाला सांगितलं. यांनी माझा साचा नव्याने लिहिलाय. रोज फुलं वाहून झाली की मी नाव टाकून बघते. अजून सापडत नाही. सापडेल गं, देव आहे.

तो चहाचा कप घे, बाई, गार होईल. गोड आहे ना? मी तर मघापासून तुझ्याजवळच बसलेय.