मागचं डावं दार

गाडीच्या रंगावर कोटिंग नीट बसलं नाही, तर त्याची कारणं सात. मी ती एका पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला टांगली आहेत, कारण आम्हाला शिकवायला कुणी नव्हतं आणि यातलं प्रत्येक कारण आम्ही एकेक गाडी बिघडवून कमावलं आहे. रंगावर जुनं मेण राहिलं. हवेत दमटपणा जास्त. पत्रा तापलेला. बाटली उघडून फार दिवस झालेले. फडकं मळकं. पुसायला घाई केली. पुसायला उशीर केला. या सातांत बसत नाही अशी गाडी आमच्याकडे तोवर आली नव्हती.

आम्ही म्हणजे मी आणि माझ्या जाऊबाई. आमचे नवरे, दोघे भाऊ, पुढच्या शेडमध्ये चेपलेले पत्रे ठोकून सरळ करतात. मागच्या बंद खोलीत, पांढऱ्या दिव्यांखाली, आम्ही दोघी त्याच गाड्यांना चमक आणतो. कोटिंग म्हणजे रंगावरचा एक पातळ थर, वाळला की काचेसारखा कडक होतो. मग रंगाला ना पाणी चिकटत ना धूळ. मी स्पंजने लावत पुढे जायचं, जाऊबाईंनी मागून पुसत यायचं, अशी आमची वाटणी. लावल्यावर मिनिटभरात तेलाच्या तवंगासारखे रंग उमटतात, ते दिसले की पुसायचं. मी भिंतीवरचं घड्याळ बघते. जाऊबाई बोट टेकवून बघायच्या. हातमोजे त्यांनी कधी घातले नाहीत.

"मोजे घातले की आंधळं झाल्यासारखं वाटतं गं मला," म्हणायच्या. मी बाटलीवरच्या सूचना मोठ्याने वाचून दाखवायचे. त्या हसायच्या.

आणि रडायच्या. हेही सांगायला हवं. कुणी जुनी गाडी विकायला काढली की त्या रडणार. जाहिरातीतलं बाळ शिंकलं तरी रडणार. पुढच्या शेडमधले लोक म्हणायचे, वहिनींच्या डोळ्यांना वायपर बसवून घ्या. त्यांची एकुलती एक मुलगी त्या रविवारी परदेशी नोकरीला निघणार होती, तीन वर्षांसाठी. घरात महिनाभर एकच चर्चा, की टॅक्सी दारातून हलेल तेव्हा वहिनींना धरायला किती माणसं लागतील. माझे मिस्टर बादली घेऊन उभे राहणार होते.

"हसा लेको," जाऊबाई म्हणायच्या, आणि तेवढ्यानेच त्यांचे डोळे भरायचे.

आमच्याकडे रंगाची जाडी मोजायचं एक गेज आहे, मुठीत मावेल एवढं. पत्र्याला टेकवलं की आकडा दाखवतं, मायक्रॉनमध्ये. एकशे दहाच्या आसपास असेल तर कंपनीचा मूळ रंग, दोनशेच्या वर गेला तर पुन्हा रंगवलेला. खाली धातू नसेल तर आकडाच येत नाही, नुसत्या दोन रेघा येतात. नवीन गिऱ्हाईक आलं की जाऊबाईंचा एक ठरलेला खेळ असायचा. गेज स्वतःच्या गालाला लावायचं आणि म्हणायचं, "बघा, पावडर कितीही थापा, मशीनला आत काही सापडत नाही." गिऱ्हाईक हसायचं. मीही, वीस वर्षं.

सोमवारी सकाळी एक निळी गाडी आली. मालक पन्नाशीचे, इस्त्रीचा शर्ट, बोलणं मोजकं.

"बाकी गाडी उत्तम आहे," ते म्हणाले. "फक्त मागचं डावं दार. तिथे पाणी थांबतं. चार ठिकाणी करून घेतलं."

मी पाणी फवारलं. सगळ्या गाडीवर गोल मणी झाले आणि घरंगळून गेले. मागच्या डाव्या दारावर, हँडलच्या थोडं खाली, बशीएवढ्या जागेत मात्र पाणी पसरलं आणि तिथेच राहिलं. कडा अगदी स्वच्छ, वाटीने आखल्यासारखी.

जाऊबाई वाकून बघत होत्या. "इथे कोण बसायचं हो?"

त्यांनी जाऊबाईंकडे पाहिलं, आपण किती वाजले बघतो तसं. "मुलगी."

"आता?"

"आता नाही."

त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. जाऊबाईंचे डोळे मात्र भरले, आणि त्यांनी त्या बशीएवढ्या जागेवर तळहात ठेवला. माणसाच्या पाठीवर ठेवावा तसा.

निघण्यापूर्वी त्या गृहस्थांनी आमच्या बेसिनवर हात धुतले. मी नॅपकिन पुढे केला, तर म्हणाले, "लागत नाही." खरोखरच लागत नव्हता. हात कोरडे होते. दारात थांबून ते म्हणाले, "तुमच्याकडे होईल बहुतेक."

मी गेज लावलं. सगळीकडे एकशे दहा ते पंधरा. त्या जागी एकशे बारा. म्हणजे मूळ रंग, काही गडबड नाही. दार धुतलं, जुना थर मशीनने घासून काढला. घासलं की रंगाचेही दोन-तीन मायक्रॉन जातातच. पुन्हा मोजलं, त्या जागी एकशे बारा. मी बॅटरी बदलली. एकशे बारा.

मी लावलं, त्यांनी पुसलं.

"इथे गरम आहे गं," जाऊबाई म्हणाल्या.

मी हात लावून पाहिला. पत्रा पत्र्यासारखा गार होता.

मंगळवारी पाणी फवारलं. बशीएवढं पाणी तिथेच. मी पुठ्ठ्यावरच्या पहिल्या ओळीला बोट लावलं आणि खाली येत गेले. मेण राहिलं असेल म्हणून दोनदा धुतलं. हवेतला दमटपणा मोजला. नवी बाटली फोडली, कोरी फडकी काढली. घड्याळ लावून पुसलं. बुधवारी पुन्हा तेच. पाणी तिथेच.

बुधवारी दुपारी जाऊबाई बेसिनवर हात धूत होत्या आणि त्यांनी मला हाक मारली. "अगं, गंमत बघ." नळाचं पाणी त्यांच्या तळहातावर पडत होतं, त्याचे मणी होत होते आणि ते घरंगळून जात होते. हात कोरडाच्या कोरडा. "दारावर बसत नाही म्हणतेस ना? माझ्यावर बसलंय बघ."

"मोजे घाला म्हटलं होतं," मी म्हणाले. "आठवडाभर राहील. कातडी झडते, तसं जाईल."

हे मी बरोबरच सांगितलं होतं. असं होतं. बोटांना दोन-चार दिवस खरखर राहते आणि जाते.

गुरुवारी सकाळी ते कोपरापर्यंत गेलं होतं. कोपराला कोटिंग लागायचं काही कारण नव्हतं.

घरी त्यांनी पाच कांदे चिरले. मी बाजूला उभी राहून नाक पुसत होते, आणि त्यांचे डोळे स्वच्छ कोरडे. तापलेल्या कढईला मनगट टेकलं तर त्यांनी ते सावकाश उचललं, भांडं चुकीच्या फळीवर ठेवलं गेलं म्हणून उचलावं तसं. भाजल्याचा डाग आला नाही. पुतणी बॅग भरत होती. लहानपणची गोधडी हातात धरून तिने विचारलं, "आई, ही नेऊ?" या प्रश्नावर आदल्या आठवड्यात दोघी मायलेकी अर्धा तास गळ्यात गळा घालून बसल्या होत्या.

"वजनात बसली तर ने," जाऊबाई म्हणाल्या.

पुतणीने माझ्याकडे पाहिलं. मी गोधडीची घडी घालायला लागले.

कारणं तपासायची माझी सवय आहे. झोप कमी झाली असेल. साखर वाढली असेल. मुलगी चाललीये म्हणून मन घट्ट करत असतील. मी साखर तपासून आणली. सुई टोचताना त्यांनी बोटाकडे बघितलंही नाही. लॅबवाल्या बाईंना तीन ठिकाणी टोचावं लागलं. साखर उत्तम.

दुपारी मी निळ्या गाडीचं मागचं दार उघडलं. आतल्या कडेला आधीच्या दुकानाचा स्टिकर होता, त्यावर नंबर. कोणती बाटली वापरली ते विचारावं म्हणून फोन केला. एका पुरुषाने उचलला.

"निळी गाडी?" तो म्हणाला. "मागचं डावं दार?"

"हो. तुम्ही त्याला काय लावलं होतं?"

त्याने उलट विचारलं, "तुमच्याकडे पुसायला कोण असतं?"

"माझ्या जाऊबाई."

"माझ्याकडे भाऊ होता."

"होता म्हणजे?"

"आहे ना. इथेच बसलाय समोर. बरा आहे." मग आवाज खाली गेला. "त्याला काहीच त्रास नाही हो ताई."

फोन बंद झाला. मी पुन्हा लावला, उचलला नाही.

त्या संध्याकाळी मी जाऊबाईंना स्पष्ट सांगितलं, "उद्यापासून पुसायचं काम माझं. तुम्ही दाराला हात लावायचा नाही." त्या बरं म्हणाल्या. एरवी कारण विचारलं असतं, तोंड पाडलं असतं, दोन शिव्या घातल्या असत्या. मला त्या दोन शिव्या हव्या होत्या.

शुक्रवारी मी लवकर पोचले. त्या माझ्या आधी आल्या होत्या. दिवे लावले नव्हते. त्या दाराजवळ खुर्ची घेऊन बसल्या होत्या आणि तळहात त्या जागेवर होता.

"वहिनी, काय ठरलं होतं आपलं?"

"आता गरम लागत नाही," त्या म्हणाल्या आणि हात काढून घेतला.

मी दिवे लावले. ती जागा ओली होती. पाणी मी फवारलं नव्हतं. फडक्याने पुसली. परत ओली. पुन्हा पुसली. फडकं हाताला कोमट लागलं.

मी गेज आणलं. बॉनेटवर लावलं, एकशे तेरा. दाराच्या वरच्या कडेला, एकशे अकरा.

त्या जागेवर लावलं.

दोन रेघा.

मी ते चार वेळा लावलं. मग गेज खिशात ठेवलं आणि गाडीच्या मालकांना फोन केला, की आमच्याकडून होत नाही, गाडी घेऊन जा.

ते अर्ध्या तासात आले. मी माफी मागत होते, त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. ते दाराजवळ गेले, त्या जागेवर हात ठेवून उभे राहिले. बराच वेळ. हात उचलला तेव्हा तळवा ओला होता. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. मग दार उघडून ते मागच्या सीटवर डाव्या बाजूला जाऊन बसले आणि दार लावून घेतलं. काचेतून त्यांचे खांदे तेवढे दिसत होते, हलताना.

बाहेर आले तेव्हा त्यांनी आमचा नॅपकिन मागितला.

जाऊबाईंनी तो नेऊन दिला. एरवी परक्या माणसाला असं पाहून त्यांनीच आधी हंबरडा फोडला असता. त्या नॅपकिन देऊन बाजूला झाल्या आणि फडक्यांच्या घड्या घालायला लागल्या. त्या गृहस्थांनी त्यांच्याकडे एकदाच पाहिलं. मग गाडी काढली.

रविवारी टॅक्सी दारात उभी राहिली. माझ्या मिस्टरांनी ठरल्याप्रमाणे बादली आणली होती. कुणी हसलं नाही, त्यांनी ती गपचूप जिन्याखाली सरकवली.

पुतणी आईच्या गळ्यात पडली. तीच रडत होती. तिचे अश्रू जाऊबाईंच्या गालावर पडले, त्याचे बारीक गोल मणी झाले आणि हनुवटीवरून खाली गेले. गालावर मागे ओल राहिली नाही.

"नीट जा," जाऊबाई म्हणाल्या. "पोचलीस की कळव."

पुतणी माझ्या पाया पडायला वाकली आणि कानाशी म्हणाली, "काकू, आईला झालंय काय? माझ्यावर चिडलीये का?"

"मन घट्ट केलंय गं तिने," मी म्हणाले. "तू गेलीस की रडेल."

टॅक्सी कोपऱ्यावर वळेपर्यंत जाऊबाई हात हलवत होत्या. टॅक्सी वळल्यावरही थोडा वेळ हलवत राहिल्या. मग आत जाऊन त्यांनी मुलीच्या पलंगावरची चादर बदलली. मी दाराआड उभी राहून रात्रीच्या जेवणापर्यंत वाट बघितली.

सोमवारी आम्ही कामावर आलो. नवीन गिऱ्हाईक आलं, एक तरुण जोडपं, पांढरी गाडी, अजून सीटवरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. मी पाण्याची बाटली भरत होते. जाऊबाईंनी त्यांना सगळं समजावून सांगितलं, थर कसा बसतो, किती वर्षं टिकतो, कशाकशापासून वाचवतो. एक शब्द चुकला नाही. मग त्यांनी गेज उचललं.

"नको वहिनी," मी म्हणाले. बहुतेक मनातच म्हणाले असेन.

त्यांनी ते गालाला टेकवलं. "बघा, पावडर कितीही थापा, मशीनला आत काही सापडत नाही."

त्या दोघांना काय बघायचं ते माहीत नव्हतं, ते जाऊबाईंच्या तोंडाकडे बघून हसले. जाऊबाईही हसल्या. त्या गेजच्या काचेकडे कधीच बघत नसत, वीस वर्षांत तिथे काय असतं ते त्यांना पाठ होतं.

मी उभी होते तिथून काच दिसत होती.

एकशे बारा.