बाबांची परवानगी

ताईला थोरल्या बेटावरून घरी आणायचं, एवढ्यासाठीच आम्ही निघालो होतो. ती तिकडे सासरी, नवरा समुद्रात बुडून गेलेला. पूर्वी मधलं पाणी गोठलं की आम्ही नुसतं जेवायलासुद्धा चालत तिकडे जायचो. पण रशिया आणि अमेरिकेचं बिनसलं आणि आमच्या बर्फावर सरहद्द आली: थोरलं बेट रशियाचं, आमचं धाकटं अमेरिकेचं. आता रशियन सैनिक तिकडचं अख्खं गाव उठवून मुख्य भूमीवर नेणार होते. एकदा नेलं की ताई कायमची गेली असती.

सोबत माझा मित्र इयाना होता. "धरलंच तर सांगू, सील वाट चुकला होता, सोडायला आलो," तो म्हणाला.

बर्फाचे कडे चढत, धुक्यात चाचपडत आम्ही पोचलो. ताई तयारच होती. पाठीवर, कातडी अंगरख्याच्या टोपीत, तिची तान्ही लेक ओकपिक. आमचे बाबा गेल्यावर जन्मली, म्हणून त्यांचंच नाव तिला दिलेलं. आमच्यात नाव आलं की माणूसच आला. ती आमचे बाबाच.

परतताना मात्र वाट अडली. उत्तरेच्या वाऱ्याने बर्फ फाटून पुन्हा गोठला होता. काळपट, कोवळा पट्टा! त्याच्या काठावर येताच बाबांनी टाहो फोडला.

ताई जागीच थांबली. "बाबा नाही म्हणतायत."

"अगं, भूक लागलीय त्यांना," इयाना म्हणाला. "पाज आणि चल."

तिने पाजून पाहिलं. बाबा तोंड लावेनात. मी हात जोडले, "बाबा, चला ना हो." रडणं थांबेना. जिवंतपणी बाबांचा शब्द मोडून कोवळ्या बर्फावर कुणी पाऊल ठेवलं नव्हतं. ताई आता कशी ठेवणार?

आम्ही वाट पाहत राहिलो. तेवढ्यात मागे गोळी कडाडली. सैनिक!

"आम्ही पुढे होतो, तू मागोमाग ये!" मी ओरडलो. आम्ही धावलो. पायाखाली बर्फ लवत होता. पलीकडचा काठ हाताशी आला आणि इयाना कंबरेपर्यंत पाण्यात गेला. मी भाल्याचा दांडा पुढे केला. ओढला. वर आला!

मागे वळलो. पट्टा उरलाच नव्हता. नुसतं पाणी, आणि पलीकडे ताई.

दोर फेकला, तो पोचला नाही. "बाबा खरंच बोलले रे," ती रडत ओरडली. "जा तू. ते आहेत माझ्याजवळ." एका सैनिकाने तिचं गाठोडं उचललं आणि ती त्यांच्यामागे चालू लागली.

बाबांनी दोघींचा जीव वाचवला, हे मला कळतं. तरी वाटतं, त्या दिवशी त्यांनी गप्प बसायला हवं होतं.

आता थोरल्या बेटावर फक्त सैनिकांचे दिवे दिसतात. पुढे मला मुलगी झाली. बायको म्हणाली, "ताईंचं नाव ठेवू या." मी नको म्हटलं. आमच्यात गेलेल्या माणसाचंच नाव ठेवतात.