बुजवलेलं धुराडं

जानेवारीत आमच्या गावाच्या हवेला कोळशाची चव असते. पोलंडात, रिब्निकच्या आसपास सगळीकडेच असते. आम्ही खाणीतली माणसं, आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. शेजारच्या सबीनाच्या तान्ह्या टिमेकची छाती घरघरायला लागली, तेव्हा मला वाटायला लागलं.

माझी बायको ट्रुडा पानगळीत गेली. तिला सदा थंडी वाजायची, कोळशाची शेगडी कधी विझू द्यायची नाही. ती गेल्यावर मी शेगडी काढून टाकली, घर तापवायला गॅस घेतला आणि धुराडं विटांनी बुजवलं. एकट्याला कितीशी ऊब लागते.

सबीना शाळेत शिकवते. एका शनिवारी तिनं सगळ्या गावाला शाळेत बोलावलं. मोठ्या पडद्यावर संगणकानं काढलेलं आमचंच गाव होतं, घर न् घर. धुराड्यावर बोट ठेवलं की चित्रातली त्या घरची शेगडी विझायची. कुणाचा धूर कुणाच्या घरात साचतो, तेही दिसायचं. लोक एकमेकांच्या शेगड्या विझवत बसले. कुणीतरी पाद्रीबुवांचीही विझवली, म्हातारा आज गारठणार, लोक म्हणाले.

सगळी धुराडी बंद झाली. माझं सुरूच राहिलं. धूर कुंपणावरून सरकत सबीनाच्या खिडकीशी जाऊन बसत होता.

"काका, चोरून कोळसा जाळता की काय?" ती हसत म्हणाली.

मी नाही म्हणालो. तिनं दोनतीनदा बोट दाबलं. मग पडद्यावरून माझं घरच पुसून टाकलं.

मोकळ्या जागेतून धूर येत राहिला.

ती हसायची थांबली. "पहाटे टिमेकला परत वाफ द्यावी लागली," ती हळू आवाजात म्हणाली. "खिडक्या बंद होत्या, काका."

मी घरी आलो. शेगडीच्या जागी आता कपाट आहे. कोट न काढताच त्याच्यासमोर उभा राहिलो.

"ट्रुडा, पुरे कर गं. पलीकडे बाळ आहे."

घरात काहीच हललं नाही.

सोमवारी सबीनानं कुंपणावरून सांगितलं, टिमेक दोन्ही रात्री शांत झोपला. पडद्यावरचा धूरही गेला होता. यंत्रातच काहीतरी बिघडलं असणार, म्हणाली. बरं झालं, मी म्हणालो.

दुपारी उरलंसुरलं सूप पिऊन जरा आडवा झालो. खोली उबदार होती. डोळा लागत होता.

रजईत माझ्या पोटऱ्यांना दोन पावलं येऊन टेकली. गारठलेली.

मी पाय आखडले नाहीत.