न सरकलेला रोल

डोरीन शनिवारी लग्नांचे फोटो काढायची. ब्रॅडफर्डातल्या निम्म्या नवऱ्यामुलींना तिने पोट आत घ्यायला सांगितलं असेल. स्वतःचं मात्र चाळिशी ओलांडली तरी आत गेलं नव्हतं. त्या नोव्हेंबरातल्या शनिवारीही ती लग्न उरकून, डोक्यावरच्या निळ्या टोपीसकट, तशीच एका पबच्या तळघरात उतरली. भाच्याला शब्द दिला होता ना. त्याच्या बँडचं नाव 'द ड्रेन्स', म्हणजे गटारं. पोरं नावाला जागणारी होती.

खाली सांडलेल्या बिअरचा, ओल्या लोकरीचा आणि तुंबलेल्या मोरीचा वास कोंडला होता. भिंतींना घाम फुटलेला. कानात सेफ्टी पिन अडकवलेल्या एका पोरीने तिला समाजकल्याणवाली बाई समजून हातातली सिगारेट पाठीमागे लपवली.

"मावशी, टोपी घालून आलीस?" ड्रमच्या मागून नायजेल ओरडला.

"लग्नाहून आलेय. तुझ्या डोक्यावर काय पिकलंय ते?"

"आईनंही हेच विचारलं. म्हणून तर उन्हाळ्यापासून घरी गेलो नाही." त्याने हिरव्या केसांवरून हात फिरवला. मग जवळ येऊन हळूच म्हणाला, "एक तरी नीट काढ ना. चेहरा दिसेल असा. उद्या सकाळी जातोय मी घरी. ती तोंड फिरवून उभी राहणार. माझ्याकडे नाही तर नाही, फोटोकडे तरी बघेल."

"आधी माफी माग म्हणजे झालं."

"तिनं मागावी आधी."

"मग बसा दोघं मरेपर्यंत."

तो हसला. बोलता बोलता डोरीनने कॅमेऱ्यात रोल घातला, फिल्मची जीभ खाचेत सारली आणि झाकण बंद केलं. हे काम ती झोपेतही करू शकली असती.

मग तो गोंधळ सुरू झाला. त्याला गाणं म्हणायची तिची छाती नव्हती. पोरं जागच्या जागी उड्या मारत होती, आणि बँडवर कौतुकाने थुंकत होती. हो, कौतुकानेच, तशी रीत होती त्यांची. डोरीनने भिंग पुसत, टोपी सांभाळत, फ्लॅश उडवत रोल संपवला. निघताना नायजेलने काठी उंचावून सलाम केला. तिने तोही टिपला.

त्याच रात्री डोंगरावरच्या रस्त्यावर धुक्यात त्यांची व्हॅन उलटली. बाकीची पोरं वाचली. नायजेल गेला.

पुरलं तेव्हा पेटी बंद होती. एनिड, डोरीनची थोरली बहीण, रडली नाही. डोरीनही नाही. दोघींनी आल्यागेल्याला हॅमचे सँडविच दिले, कपबशा विसळल्या, पुसल्या. दाढ काढल्यावर गाल कसा आपला वाटत नाही, चावला तरी कळत नाही, तसं सगळं अंग झालं होतं.

शेवटची बशी जागेवर ठेवून एनिड म्हणाली, "चेहरा बघू दिला नाही मला त्यांनी."

"चांगल्यासाठीच गं..."

"तू फोटो काढलेस ना त्या दिवशी? एक दे. शाळेतला नको, आत्ताचा दे. हिरवे केस असले तरी चालेल."

"देते," डोरीन म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने न्हाणीघराच्या खिडकीला घोंगडी ठोकली, कॅमेरा घेतला आणि रोल उलटा गुंडाळायची कळ फिरवली. कळ भिंगरीसारखी मोकळी फिरली. हाताला काही ओढच लागेना.

तिला लगेच कळलं. फिल्मची जीभ खाचेत बसलीच नव्हती. सबंध संध्याकाळ रोल जागचा हलला नव्हता. तिने फ्लॅश उडवले, कळ दाबली, ती रुबाबात उभी राहिली, आणि कॅमेऱ्याने काहीही बघितलं नव्हतं. नवशिकी पोरं करतात ती चूक. एवढ्या लग्नांत कधी झाली नव्हती ती.

ती खाली गेली. चहा केला. प्याला. मग वर येऊन तिने तो कोरा रोल धुवायला घेतला. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. बहिणीला 'नाही' म्हणण्यापेक्षा ते सोपं होतं, एवढंच. मिट्ट काळोखात तिने रोल डब्यात भरला. दार बंद होतं, तरी घोट्यांना गार वारा लागत होता. तिने मोजे वर ओढले.

धुऊन झाल्यावर घोंगडी बाजूला करून तिने पट्टी उजेडात धरली. पट्टी कोरी नव्हती.

छापून बघितलं तेव्हा नीट कळलं. गाणाऱ्या पोराची पाठ. गिटारवाल्याची पाठ. कडेला झांजेची चकती. पलीकडे उड्या मारणारी पोरं, आणि त्यांच्या मधोमध निळ्या टोपीतली एक बाई, दंडाला पर्स, बस चुकल्यासारखा चेहरा, कॅमेरा रोखलेला. ती स्वतः.

हे फोटो ड्रमच्या मागे बसून काढलेले होते.

पुढच्या चौकटीत व्हॅनची काच होती. काचेबाहेर धुकं. त्यापुढच्या काही चौकटी काळ्या होत्या. मग एक स्वयंपाकघर, मागच्या दारातून दिसणारं. मोरीशी पाठमोरी उभी असलेली बाई, कमरेवर एप्रनच्या नाड्यांची गाठ. एनिड. गाठ नेहमीसारखी डावीकडे सरकलेली.

शेवटच्या चौकटीत काळोखच होता, पण त्यात डब्यावर ओणवलेली एक रुंद पाठ ओळखू येत होती, आणि ओढून वर घेतलेले मोजे. तो फोटो डोरीनने मोठा करून बघितला नाही. घाबरायला हवं, असं मनात आलं. पण भीती कुठेतरी दूर, शेजारच्या घरातला रेडिओ ऐकू यावा तशी होती.

एनिडकडे गेली तेव्हा उजेड उतरत होता. डोरीनने स्वयंपाकघराचा फोटो टेबलावर ठेवला.

"त्याचा नाही निघाला, एनिड. एकही नाही. फिल्म फिरलीच नव्हती. हा... हा निघाला."

एनिडने फोटो बराच वेळ बघितला.

"रविवार," ती म्हणाली. "मागचं दार वाजलं. पायांना गार वारा लागला. मला वाटलं, आले साहेब. मी काही वळले नाही. नुसतं म्हणाले, पाय पूस. म्हटलं, बोलू दे त्याला आधी. उभीच राहिले अशी... बटाटे सोलून झाले तरी. मग वळले, तर कुणी नव्हतं. तेवढ्यात पोलिसाने पुढची बेल दाबली."

घड्याळ टिकटिकत होतं. डोरीनने बहिणीच्या हातावर हात ठेवला. दोघींचे हात सारखेच थंड होते.

"म्हणजे त्याने माझी पाठच बघितली," एनिड म्हणाली. "कॅमेरा कुठाय?"

"पिशवीत."

"त्यात फिल्म आहे?"

"नाही."

"त्या दिवशी तरी कुठे फिरली होती? ठेव इथे टेबलावर. तोंड मोरीकडे कर."

"एनिड, ऐक माझं..."

"चहा संपव आणि नीघ. माणसं असली की लाजतो तो."

डोरीनने कॅमेरा ठेवला. वाद घालायला अंगात जोर नव्हता. आणि खरं सांगायचं तर लहानपणापासून ती या बहिणीशी एकदाही जिंकली नव्हती. एनिडने मागचं दार उघडं ठेवायला सांगितलं. तेही तिने ठेवलं.

परसातून जाताना तिने खिडकीतून आत बघितलं. एनिड मोरीशी उभी होती. दोन्ही हात कोपरापर्यंत साबणाच्या फेसात. टेबलापाशी कुणी नव्हतं.

डोरीनच्या घोट्यांना गार वारा लागला. तो तिच्यामागून आला आणि दाराकडे गेला.

"पाय पूस," आतून एनिडचा आवाज आला, रोजच्यासारखा. आणि एनिड वळली. डोरीनने आपल्या बहिणीचा तसा चेहरा त्याआधी कधी बघितला नव्हता.

शटर पडल्याचा आवाज झाला.

एनिडचे हात अजून फेसातच होते. आणि मग टेबलावरून, लग्नालग्नांत डोरीनच्या अंगठ्याखाली वाजायचा तो आवाज आला, फिल्म पुढच्या चौकटीवर ओढल्याचा. सावकाश, आणि या वेळी चांगली ओढ लागून.