पंक्तीतली फारसी

मागच्या दारी विहिरीवर मी घागर भरत होते, तेवढ्यात धुळीने माखलेला एक परका तरुण आला आणि त्याने पाणी मागितलं.

"पुढचं दार दिसलं नाही वाटतं आपल्याला?" मी म्हटलं. "तसं बरंच मोठं आहे."

तो नुसता हसला. ओंजळ पुढे केली... आणि पिताना सारखा माझ्याकडेच पाहत राहिला. मी मुद्दाम धार जोरात सोडली. बाराबंदी पार भिजली त्याची.

संध्याकाळी कळलं, ते माझे यजमान होते. वाईहून एक दिवस आधीच येऊन पोचले होते. लग्नात मी आठ वर्षांची, मान खाली घालून बसलेली. पुढे सासरे वारले आणि माझं सासरी जाणं लांबतच गेलं. सात वर्षांत त्यांचं तोंडही पाहिलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ते आमच्याकडे फारसी शिकायला आले होते. माझे वडील अप्पा, म्हणजे यज्ञेश्वरपंत, कसब्यातल्या आमच्या ओसरीवर पाच-सहा जणांना फारसी शिकवत. दुपारी तिथेच त्यांची पंगत बसे. इतर घरी जेवताना मौन पाळतात. अप्पांचा कायदाच वेगळा. पंक्तीत फक्त फारसी बोलायची. मराठीत मागितलं तर पानात काही पडायचं नाही.

वाढायला मी असे. थोरल्यांसमोर नवऱ्याशी बोलायची सोय नव्हती. पण ते "आब" म्हणाले की मी पाणी वाढायची, "नमक" म्हणाले की मीठ... आणि मीठ ते फारच मागत.

"जावईबापूंना आपली आमटी अळणी लागते वाटतं," आई म्हणाली. मी मिठाची वाटी पुन्हा भरून घेतली.

ओसरीच्या भिंतीपलीकडे आमचं जातं होतं. दळता दळता ऐकून मला ती भाषा कधी येऊ लागली, ते माझं मलाच कळलं नाही. कुणाला बोलले मात्र नाही. लग्न सात वर्षांपूर्वी झालं होतं. जीव आत्ता कुठे जडत होता.

आणि मग सरकारी हुकूम आला. यजमानांनी सरकारचे दूत म्हणून जाणाऱ्या वकिलांबरोबर भागानगरला, निजामाच्या दरबारी जायचं. पाच वर्षं. अप्पांनी ठरवलं, मी वाईला सासूबाईंजवळ राहायचं. मला कोण विचारतो? जात्यावर बसून पोटभर रडले.

शेवटच्या पंगतीला बासुंदी होती. मी त्यांच्या पानाशी आले. त्यांनी मान वर केली नाही. घास तसाच हातात होता.

मी फारसीत म्हटलं, "मलाही न्या. मी तुमच्याशिवाय राहणार नाही."

सगळ्यांचे हात थांबले. अप्पांचा चेहरा पांढराफटक पडला.

"हे कुठे शिकलीस?" त्यांच्या तोंडून मराठीच निघालं.

"आपल्याकडेच," मी म्हटलं. आणि भिंतीपलीकडच्या जात्याकडे बोट केलं.

माजघराच्या दारात आई उभी होती. तिला एक अक्षर कळलं नव्हतं. यजमानांनी तिच्याकडे वळून स्वच्छ मराठीत सांगितलं, "सासूबाई, ही माझ्याबरोबर येते म्हणते. मीही तेच मागणार होतो... धीर होत नव्हता. माझ्या आईची समजूत मी घालीन."

अप्पा बराच वेळ भात कालवत राहिले.

"मराठीत बोललात, जावईबापू," ते अखेर म्हणाले. "बासुंदी मिळायची नाही. मुलगी न्या." आणि उपरण्याने डोळे पुसले.

आठ दिवसांनी आम्ही निघालो. आईने वेशीपाशी मला घट्ट धरलं, मग स्वतःच सोडलं. मी गाडीत बसले, यजमान गाडीच्या बाजूने चालत होते.

"भीती वाटते?" त्यांनी हळूच विचारलं.

"वाटते," मी म्हटलं. "पाच वर्षं आई दिसायची नाही... पण तुम्ही दिसला नसता, तर मी जगले नसते."

कठड्यावरच्या माझ्या हातावर त्यांनी हात ठेवला, आणि हडपसर येईपर्यंत काढला नाही.