येतो म्हणू नये

सानगडीहून निघताना मायनं एकच बजावलं होतं. "बाबू, विक्की राहे ते घर पाहून ये. पन तिथून निंगताना 'येतो' म्हनू नोको. मयतीचं घर आहे ते."

"तूच तं त्याले मेला म्हनत नाहीस," मी म्हणालो. ती तलावाकाठी जाळं सांधत बसली होती. तिनं हातातली गाठ करकचून आवळली.

विक्की माझा धाकटा भाऊ. परदेशातल्या त्या शहरात फरशा बसवायला गेला, आणि लढाईत तो राहायचा ती इमारत कोसळली तेव्हा आतच राहिला. देह मिळाला नाही म्हणून मायनं तेराव्या दिवसाची तेरवी होऊ दिली नाही. आता ते शहर पुन्हा उभं राहतंय. मी पाण्याच्या पाइपांचा वेल्डर, माझंही तिथं काम निघालं. डोळ्यांनी बघितल्याशिवाय मला काही पटत नाही. बघून यावं आणि मायच्या जिवाचा घोर एकदाचा संपवावा, एवढंच मनात होतं.

शहर मला पहिल्याच दिवशी फार आवडलं, आणि त्याची लाजही वाटली. रुंद रस्त्यांकडेला कोवळी झाडं. गोळ्यांची भोकं बुजवलेली, पण तिथला रंग जरा वेगळा. अर्ध्या इमारतीत पडद्यांचं दुकान, उरलेल्या अर्ध्यात आभाळ. माणसं उन्हातून झोपेत चालल्यासारखी संथ जात होती. भाजलेल्या पावाच्या वासात मधूनच एक ओला, शेवाळी वास यायचा. आमच्या तलावाचा. त्या शहराला ना नदी, ना तळं. कुठं पाइप फुटला असेल, म्हणून मी सोडून दिलं.

विक्कीच्या गल्लीत तो वास दाट झाला.

त्याच जागी नवी इमारत होती. तळमजल्यावर एका म्हातारीनं दार उघडलं. मी मोबाइलवर विक्कीचा फोटो दाखवला. तिनं तो बराच वेळ बघितला, मला बसवलं, बिनदुधाचा चहा दिला. खाली नवीकोरी फरशी होती. उंबऱ्याजवळची एकच तेवढी तिरकी.

विक्की प्रत्येक घरात तशी एक तिरकी बसवायचा, नजर लागू नये म्हणून. पण ही इमारत तर तो गेल्यावर बांधलेली.

मला भरून आलं. उठलो, हात जोडले, आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं, "येतो."

म्हातारीला आमच्या बोलीतलं अक्षर कळत नव्हतं. ती हसली आणि आमच्याच बोलीत म्हणाली,

"ये ना दादा. मी वाटच पाहून राहिलो."

राहिलो. राहिली नव्हे.

गल्लीत येऊन मी मायला फोन लावला.

"माय, तेरवी करून टाक."

"येतो तं नाही म्हनलास?"

"नाही."

ती चक्क हसली, कित्येक दिवसांनी.

"खोटं काहून बोलतेस रे? तुझ्या मांगून विक्की बोलून राहिला ना."

मला काहीच ऐकू येत नव्हतं.

"काय म्हनते तो?"

"थांब म्हनते. 'थांब दादा, मी बी येतो.'"