हवालदार गमरे कुठे गेले?

"पदकं चुकीच्या बाजूला आहेत," तेजल म्हणाली.

विद्यापीठातल्या हवालदार गमरे प्रशिक्षण भवनात ती स्टुलावर चढून भिंतीवरचा फोटो पुसत होती. उद्या भवनाला साठ वर्षं पूर्ण होणार होती, म्हणून दिंडोशीच्या वसाहतीतली ही तीन टाळकी सुट्टीत मदतीला आली होती. शाळेच्या एनसीसीत नुकतीच भरती झालेली आणि तेव्हापासून घरातही ताठ चालणारी तेजल, एकही मालिका न सोडणारा मिहिर, आणि खुद्द हवालदार काशीराम गमऱ्यांची पणती संघमित्रा.

"फोटो उलटा छापला असेल," मिहिर म्हणाला.

"मग शर्टाची बटणंही उलटी दिसली असती. ती बरोबर आहेत. स्वतःची पदकं डावीकडे लावतात रे."

मिहिर जवळ आला आणि फोटो पाहून मटकन खुर्चीत बसला. "यार, हा तर कमिशनर आहे. आईच्या मालिकेतला, सारखा राजीनामा देतो ना, तो!"

संघमित्राला हसू आलं नाही. भवनाचं बांधकाम चालू असताना एनसीसीचे दोन विद्यार्थी जवळच्या खाणीतल्या पाण्यात पडले होते. त्यांना कवायत शिकवणाऱ्या गमऱ्यांनी दोघांना बाहेर काढलं, पण ते स्वतः काही वर आले नाहीत. भवनाला त्यांचं नाव दिलं गेलं आणि पणजीने घरातला एकुलता एक फोटो इथे लावायला देऊन टाकला. मग ती लेकीला घेऊन गावी, खेडला निघून गेली. ती लेक म्हणजे संघमित्राची प्रेमाआजी. तेव्हा ती इतकी लहान होती, की वडिलांचा चेहरा तिला आठवतच नव्हता. उद्या ती खास तो पाहायला येणार होती. संघमित्राचे बाबा, विशाल, तिला आणायला गेले होते.

भवनाचे प्रमुख सुबोध सर माइकच्या वायरी सोडवत होते. त्यांनी डोकं खाजवलं.

"चार वर्षांपूर्वी इथे शूटिंग झालं होतं खरं. त्यांनी त्यांचा फोटो लावला असेल. परत बदलायचा राहिला आणि खरा त्यांच्याच सामानात गेला वाटतं."

"सर, म्हणजे चार वर्षं तुम्ही एका नटाला हार घालताय?" मिहिरने विचारलं.

"हे बघा, उद्या पाहुणे येणार आहेत. आता गोंधळ नको. हार चांगला जाडजूड आणलाय, चेहरा दिसणारसुद्धा नाही. नंतर बघू."

"पण माझ्या आजीला तो चेहराच बघायचाय," संघमित्रा म्हणाली. आवाज रडवेला झाला, म्हणून तिने पटकन तोंड फिरवलं.

सरांकडून काही होणार नाही, हे तेजलने ओळखलं. तिची मोठी बहीण माधुरीताई याच भवनात कॅडेट होती. माधुरीताईने दोन-चार फोन फिरवले. शूटिंगवाली कंपनी सध्या मढच्या एका बंगल्यात होती. खोटा फोटो चादरीत गुंडाळून चौघं वर्सोव्याहून होडीत बसली. खाडी ती केवढीशी, पण तेवढ्यातही मिहिरने कमिशनरचे सगळे राजीनामे सांगून संपवले.

बंगल्याच्या दिवाणखान्यात मोठमोठे दिवे लागले होते. कुठल्याशा जमीनदारांचा थाटमाट होता आणि भिंतीवर चंदनाचा हार घातलेले त्यांचे कैलासवासी आजोबा. लष्करी गणवेशात.

"पदकं डावीकडे," तेजल कुजबुजली.

संघमित्रा थेट भिंतीपाशी गेली. चौकटीच्या खालच्या कडेवर पांढऱ्या ऑइल पेंटने विद्यापीठाचा नंबर घातलेला होता. विद्यापीठात खुर्चीपासून बादलीपर्यंत असा नंबर नसलेली वस्तू सापडायची नाही. चादरीतल्या चौकटीवर मात्र तो नव्हता.

"ए, हात लावू नको," सेट सांभाळणारा मिथुन ओरडला. "कालच्या सीनमध्ये हे आजोबा होते. आज दुसरे लावले तर डायरेक्टर माझी वाट लावेल."

"दादा, जवळून दाखवलेत का?" मिहिरने विचारलं.

"नाही रे, मागे धूसर दिसतात."

"मग तुमचेच लावा ना." मिहिरने चादर सोडली.

"अरे, हे तर आता फेमस झालेत. लोक ओळखतील."

"चार वर्षं समोर उभं राहून सलाम ठोकणाऱ्यांनी ओळखले नाहीत. धूसर कोण ओळखणार?"

दिवे धरणारी पोरं खो खो हसली. मिथुनही हसणार होता, पण त्याने संघमित्राकडे पाहिलं.

"दादा, ते माझे खरे पणजोबा आहेत," ती म्हणाली.

मिथुनने फोटो उतरवला, स्वतःच्या रुमालाने काच पुसली आणि तिच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी सुबोध सरांनी माइकवर सगळं कबूल केलं. "चूक आमची, शोध या मुलांचा," म्हणत त्यांनी तिघांना पहिल्या रांगेत बसवलं. कॅडेट्सनी कडाडून टाळ्या वाजवल्या. तेजल इतकी ताठ बसली, की मिहिरने तिला श्वास घ्यायची आठवण करून दिली.

मग प्रेमाआजी फोटोसमोर आली. आता ती रडणार, असं सगळ्यांनाच वाटलं. आजी मात्र नुसती बघत राहिली. एकदा फोटोकडे, एकदा शेजारी उभ्या असलेल्या आपल्या लेकाकडे.

"मी जन्मभर मनात एक म्हातारा धरून बसले होते गं," ती संघमित्राला म्हणाली. "हा तर आपल्या विशालपेक्षाही लहान आहे."

आणि काचेवरून हात फिरवत ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "किती धाडस केलंस रे पोरा."